दहा मायक्रोग्रॅमचा प्रश्न: एव्हरग्लेड्समध्ये पाणकणीस का पसरलं आणि आकडा कसा ठरला

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिणेला, ओकीचोबी सरोवरापासून खाली समुद्रापर्यंत एव्हरग्लेड्सची पाणथळ पसरलेली आहे. नदी म्हणावी तर काठ नाहीत, दलदल म्हणावी तर पाणी सावकाश का होईना पण वाहतं. जमिनीचा उतार किलोमीटरला जेमतेम काही सेंटीमीटर. पाणी बहुतेक ठिकाणी गुडघ्याएवढं, मुळात पावसाचं, आणि खाली चुनखडीचा खडक. पावसातून येईल तेवढाच फॉस्फरस, आणि त्यातलाही बराचसा कॅल्शियमबरोबर गाळात बसणार. हजारो वर्षं फॉस्फरसच्या उपासावर वाढलेली अशी ही वनस्पतिसृष्टी आहे. शेतीतून फॉस्फरस येऊ लागल्यावर तिथे पाणकणीस ही उंच पाणवनस्पती का पसरली, आणि पाण्यात किती फॉस्फरस चालेल याची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम कशी ठरली, त्याची ही हकीकत.

या उपासाला सरावलेली मुख्य वनस्पती म्हणजे सॉग्रास, शास्त्रीय नाव क्लेडियम जमायसेन्स. नावात ग्रास असलं तरी ते गवत नाही, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, उलट्या दिशेनं बोट फिरवलं तर कापतं. ते सावकाश वाढतं, आणि जुनं पान वाळण्याआधी त्यातला फॉस्फरस काढून घेऊन नव्या पानाला पुरवतं. सॉग्रासच्या पट्ट्यांमध्ये उघड्या पाण्याच्या वाटा असतात. तिथे पाण्यावर आणि देठांभोवती पिवळट-करड्या रंगाची जाड साय धरते. ही साय म्हणजे पेरिफायटन: निळी-हिरवी शेवाळं, डायटम, जिवाणू आणि त्यांच्यात साचलेलं कॅल्शियम कार्बोनेट. ओली असताना ती स्पंजासारखी लागते, वाळली की बोटांत खडूसारखी भुगा होते. या प्रकरणात सगळ्यात आधी बोलली ती हीच साय, पण तिचं ऐकायला वेळ लागला.

१९४८ साली मंजूर झालेल्या पूरनियंत्रण प्रकल्पात या पाणथळीचे बांध घालून कप्पे केले गेले. सरोवराच्या दक्षिणेचा सुमारे २,८०० चौरस किलोमीटरचा पट्टा शेतीसाठी मोकळा झाला. आज तिथे मुख्यतः ऊस आहे. ही जमीन पीटची, म्हणजे पाण्याखाली न कुजता साचलेल्या वनस्पतींची. पाणी काढलं की पीटला हवा लागते, ते कुजतं, खाली बसतं आणि त्यात अडकलेला नायट्रोजन-फॉस्फरस मोकळा होतो. बेल ग्लेड इथल्या संशोधन केंद्रात १९२४ साली नऊ फुटांचा काँक्रीटचा खांब खडकापर्यंत ठोकून माथा जमिनीशी समपातळीत ठेवला होता. आज तो अर्ध्याहून अधिक उघडा पडला आहे. खतातून येणाऱ्या फॉस्फरसमध्ये या कुजणाऱ्या जमिनीच्या फॉस्फरसची भर पडते, आणि दोन्ही कालव्यांतून खालच्या पाणथळीत जातात.

अभ्यासासाठी सगळ्यात बोलका ठरला तो वॉटर कॉन्झर्वेशन एरिया २ए हा कप्पा. उत्तरेच्या हिल्सबरो कालव्यातून एस-१० नावाच्या दरवाज्यांनी त्यात पाणी सुटतं. दरवाज्यांजवळ एकूण फॉस्फरस लिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही जास्त, आणि सात-आठ किलोमीटर आत गेलं की १० च्या खाली. जणू निसर्गानंच मांडून ठेवलेला प्रयोग. दरवाज्यांजवळ सॉग्रास संपून पाणकणसाचं दाट रान झालेलं, मध्ये मिश्र पट्टा, आणि आत जुनी घडण शाबूत.

पाणकणीस म्हणजे टायफा डोमिंगेन्सिस. आपल्याकडच्या तळ्यांच्या आणि कालव्यांच्या काठी टायफा अँगुस्टाटा या जुन्या नावानं नोंदलेलं पाणकणीस हेच. एव्हरग्लेड्समध्येही ते परकं नाही, तिथलंच आहे. पूर्वी मात्र मगरींनी खोदलेल्या डबक्यांच्या काठी तुरळक असायचं.

अडचण

राज्याच्या नियमात पोषकद्रव्यांसाठी आकडा नव्हता, एक वाक्य होतं. पाण्यातल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या नैसर्गिक समतोलात बिघाड होईल इतका पोषकद्रव्यांत बदल होता कामा नये, असा त्याचा आशय. वाचायला छान, राबवायला अवघड. बिघाड कुठे सुरू होतो? पाणकणीस दिसल्यावर, की साय विरल्यावर?

१९८८ साली केंद्र सरकारच्या वतीनं राज्याच्या पाणी व्यवस्थापन जिल्ह्यावर आणि पर्यावरण खात्यावर दावा लागला. १९९१ मध्ये तडजोड झाली, आणि १९९४ च्या एव्हरग्लेड्स फॉरएव्हर कायद्यानं सांगितलं की वाक्याचा आकडा करा. २००३ संपेपर्यंत आकडा ठरला नाही तर लिटरला १० मायक्रोग्रॅम आपोआप लागू होईल. म्हणजे शास्त्रज्ञांच्या हाती काम आलं ते मुदत बांधून, आणि प्रत्येक मायक्रोग्रॅममागे कोट्यवधी डॉलर आहेत हे सगळ्यांना माहीत असताना.

अडचण तीन पदरी होती. पाणकणीस नेमकं कशामुळे पसरतं हे वादात होतं. फॉस्फरस वाढला होता, पण बांधांमुळे पाण्याची खोलीही वाढली होती आणि वणव्यांचा क्रमही बदलला होता. दुसरं म्हणजे मोजायची मात्रा उपकरणाच्या खालच्या मर्यादेशी आलेली. आणि तिसरं, जे सगळ्यात उशिरा उमगलं: पाण्यातला फॉस्फरस हा फॉस्फरसच्या आवकीचा चांगला साक्षीदारच नाही.

इतकं कमी मोजायचं कसं

लिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे एका घनमीटर पाण्यामागे १० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. इथे चूक प्रयोगशाळेत कमी आणि बाटली भरताना जास्त होते.

पाणथळीच्या तळाशी फ्लॉक असतो, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि पानांचा हलका, कापसासारखा गाळ. पाय ठेवला की तो उठतो, आणि बाटलीत त्याचे दोन-चार कण गेले तरी आकडा दुप्पट. म्हणून एअरबोटीनं किंवा हेलिकॉप्टरनं पोहोचल्यावर उठलेला गाळ बसू द्यायचा, आणि आपण उभे आहोत त्या जागेपासून दूर, न ढवळलेल्या पाण्यात, पृष्ठभागाच्या किंचित खालून नमुना घ्यायचा. पाणी १० सेंटीमीटरपेक्षा उथळ असेल तर नमुना घ्यायचाच नाही, कारण तेव्हा पाणी आणि गाळ वेगळे काढता येत नाहीत. हा नियम साधा दिसतो, पण त्यामुळे कोरड्या महिन्यांचे आकडे मालिकेतून गळतात, आणि सरासरी काढताना हे लक्षात ठेवावं लागतं.

बाटल्या फॉस्फेट नसलेल्या साबणानं धुऊन, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून, शुद्ध पाण्यानं खळखळून घ्यायच्या. एकूण फॉस्फरससाठी नमुना गाळायचा नाही. सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा, ४ अंशांवर ठेवायचा, तो २८ दिवस टिकतो. विरघळलेल्या क्रियाशील फॉस्फरससाठी मात्र जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ४८ तासांत मोजायचं. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली तशीच नेऊन, तशीच हाताळून परत आणायची. तिच्यात ३-४ मायक्रोग्रॅम निघाले तर त्या दिवसाचे ८ आणि १० हे आकडे कशाचे, हे सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत परसल्फेट घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर अर्धा तास पचन, मग मॉलिब्डेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लानं येणारा निळा रंग ८८० नॅनोमीटरला वाचायचा. आर्सेनेटही तोच निळा रंग देतं, सिलिका जास्त असली तर तीही घोटाळा करते. आतल्या स्वच्छ भागात विरघळलेला क्रियाशील फॉस्फरस बहुतेक वेळा मोजण्याच्या मर्यादेखालीच येतो. म्हणून सगळी मदार एकूण फॉस्फरसवर ठेवावी लागली.

कारण शोधण्याचे पर्याय

पहिला मार्ग होता दरवाज्यांपासून आत सरळ रेषेत ठरावीक अंतरावर नमुने घेण्याचा. पाणी, माती, साय, झाडं सगळं एकाच रेषेवर. स्वस्त, आणि वर्षानुवर्षांचा परिणाम एका दृष्टीत. पण दरवाज्यांजवळ फॉस्फरस जास्त तसं पाणीही जास्त खोल आणि क्षारही जास्त, तेव्हा दोष कुणाचा हे रेषा सांगत नाही. ‘खोलीमुळे पसरलं’ म्हणणाऱ्यांना इथेच जागा मिळाली.

दुसरा मार्ग टाक्यांचा. सॉग्रास आणि पाणकणीस टाक्यांत लावून पाण्याची खोली आणि फॉस्फरस वेगवेगळे बदलायचे. त्यातून दिसलं की पाणकणीस दोन्हींना दाद देतं, आणि दोन्ही एकत्र आले की सगळ्यात जास्त. खोल पाण्यात ते तगतं याचं कारण त्याच्या पानांतल्या हवेच्या पोकळ्या: कोवळ्या पानांतून हवा दाबानं आत शिरते, मुळांपर्यंत जाते आणि जुन्या, वाळक्या पानांतून बाहेर पडते. पण नुसत्या खोल पाण्यात, फॉस्फरसशिवाय, त्याला हातपाय पसरायला बळ मिळत नाही. सॉग्रासला जास्त फॉस्फरस दिला तर तेही वाढतं, पण संथपणे. तोवर पाणकणीस डोक्यावरून निघून जातं आणि सावली धरतं. टाकीची खोट अशी की तिच्यात पाणी वाहत नाही, आणि आठवड्यातून एकदा एकदम घातलेला डोस आणि सतत झिरपणारा डोस यांत साय वेगळं वागते.

तिसरा आणि सगळ्यात खर्चिक मार्ग म्हणजे प्रत्यक्ष पाणथळीतच बिनतळाचे लांब चर बांधून, वाहत्या पाण्यात वरच्या टोकाला फॉस्फेट सोडायचं. ड्यूक विद्यापीठाच्या गटानं २ए कप्प्यात असे चर केले. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाच्या गटानं नॅशनल पार्कातल्या शार्क रिव्हर स्लू भागात १०० मीटर लांबीचे केले, आणि १९९८ पासून पाच वर्षं चालवले. चार चर शेजारी-शेजारी: एकात काही नाही, बाकी तिघांत मूळ पाण्यापेक्षा ५, १५ आणि ३० मायक्रोग्रॅम जास्त.

पाच वर्षांच्या या प्रयोगानं चर्चेची दिशाच बदलली. सगळ्यात कमी, ५ मायक्रोग्रॅमच्या चरातही कॅल्शियमयुक्त साय तुटून नाहीशी झाली, फक्त जास्त दिवस लागले. आधी शेवाळांच्या जाती बदलल्या, मग साय विरघळल्यासारखी गेली, फ्लॉकमध्ये आणि मातीत फॉस्फरस साठत गेला आणि शेवटी मोठ्या वनस्पती हलल्या. आणि या सगळ्या काळात चराच्या खालच्या भागात पाण्याचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. आलेला फॉस्फरस साय लगेच ओढून घेत होती. वरच्या टोकाची साय भरली, मोडली की परिणाम काही मीटर पुढे सरके. पाण्याची बाटली घेऊन खालच्या टोकाला उभं राहणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं.

साधा हिशेब केला तरी हे पटतं. ३० सेंटीमीटर पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम फॉस्फरस असेल तर एका चौरस मीटरवर ३ मिलिग्रॅम झाला. त्याच चौरस मीटरखालच्या १० सेंटीमीटर पीटचं कोरडं वजन सुमारे ८ किलो धरलं आणि त्यात किलोला ५०० मिलिग्रॅम फॉस्फरस असला, तर तो झाला ४,००० मिलिग्रॅम. हजार पटीहून जास्त. वरचं पाणी म्हणजे खात्यातली शिल्लक नव्हे, नुकती पडलेली एक नोंद.

निर्णयाचे टप्पे

१० की १५, हा मुख्य वाद. ड्यूकच्या गटाचं संख्याशास्त्रीय विश्लेषण बदलाचा उंबरठा १२ ते १५ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान दाखवत होतं. राज्याच्या खात्यानं मात्र जिथे काही बिघडलेलं नाही त्या नमुने घेण्याच्या ठाण्यांचे आकडे आणि रेषेवर बदल सुरू होतो ती जागा, यांवर भर देत १० ठेवला. दोन्ही बाजूंची मोजमापं चांगली होती. फरक प्रश्नात होता. ‘कुठे स्पष्ट तुटतं’ असं विचारलं तर १५ च्या जवळ जाता येतं, ‘कुठपर्यंत काहीच हललेलं नाही’ असं विचारलं तर १० च्या वर जाता येत नाही. कायद्यातलं वाक्य दुसऱ्या प्रश्नाच्या जवळचं होतं, आणि चरांचे निकालही त्याच बाजूला झुकत होते.

दुसरा निर्णय सरासरीचा, आणि तो तितकाच मोलाचा. पाणथळीचे आकडे एका बाजूला लांब शेपटीचे असतात. समजा पाच वाचनं ६, ७, ८, ९ आणि ६० आली. साधी सरासरी १८. भौमितिक सरासरी, म्हणजे पाचांच्या गुणाकाराचं पाचवं मूळ, ११.३. ती ६० ची बाटली बहुधा फ्लॉक उठल्यामुळे बिघडलेली असते. म्हणून नियमात दीर्घकालीन भौमितिक सरासरी घेतली. मात्र एखादं ठाणं खरोखर बिघडत असताना सरासरीत लपू नये म्हणून चाळण्या लावल्या: सगळ्या ठाण्यांची पाच वर्षांची सरासरी १० च्या आत, पाचपैकी तीन वर्षं १० च्या आत, कुठल्याही एका वर्षी सगळ्यांची मिळून ११ च्या आत, आणि कुठल्याही एका ठाण्याची वार्षिक सरासरी १५ च्या आत.

तिसरा निर्णय मातीचा. वरच्या १० सेंटीमीटर मातीत किलोला ५०० मिलिग्रॅमहून जास्त फॉस्फरस असेल तो भाग ‘बाधित’ धरायचा. पाण्याच्या नियमात मातीला जागा मिळाली ही या प्रकरणातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट.

केलेली कारवाई

उसाच्या पट्ट्यात शेतकऱ्यांवर एकत्रित २५ टक्के भारकपातीचं, म्हणजे पाण्याबरोबर जाणारा एकूण फॉस्फरस कमी करण्याचं, बंधन आलं. त्यासाठीचे उपाय साधेच होते. माती तपासून खत, ते फेकण्याऐवजी ओळीलगत पट्ट्यात, लेझरनं जमीन सपाट करणं, शेतचारीत गाळ बसायला खड्डे, आणि मुख्य म्हणजे पाऊस पडल्याबरोबर पंप सुरू न करता काही पाऊस शेतातच थांबवणं. दीर्घकाळची सरासरी कपात ५० टक्क्यांहून जास्त झाली.

उरलेल्यासाठी बांधीव पाणथळी, म्हणजे पाण्यातला फॉस्फरस काढून घेण्यासाठी मुद्दाम बांधलेले कप्पे. त्यांची रचना दोन टप्प्यांची: आधी उभ्या वनस्पतींचा कप्पा, मग बुडीत वनस्पतींचा, म्हणजे कारा, नाजास यांसारख्यांचा. बुडीत वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढतात, पीएच चढतो, कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि त्याबरोबर फॉस्फरसही. गंमत अशी की पहिल्या कप्प्यातला हुकमी गडी पाणकणीसच. बांधाच्या एका बाजूला ते लावायचं, दुसऱ्या बाजूला काढायचं.

इथे काय बिघडतं तेही ठरलेलं. कप्पा कोरडा पडला की गाळाला हवा लागते आणि पुन्हा पाणी सोडल्यावर साठलेला फॉस्फरस एकदम बाहेर येतो. वादळात पाणी खोल झालं की पाणकणसाचे गठ्ठे मुळासकट तरंगू लागतात. पाण्यानं कप्प्याच्या एका कडेनं वाट काढली तर बाकीची जागा नुसती शोभेची. म्हणून पुढे या पाणथळींच्या आधी पाणी साठवून सावकाश सोडणारी साठवण तळी बांधावी लागली.

निष्पत्ती

केंद्रीय पर्यावरण संस्थेनं २००५ मध्ये १० चा आकडा मान्य केला. पण पहिल्या बांधीव पाणथळींचा आराखडा बाहेर पडणाऱ्या पाण्यात ५० मायक्रोग्रॅम गृहीत धरून केलेला होता. त्यांनी बहुतेक ठिकाणी याहून चांगलं काम केलं, तरी १० ते ५० मधली दरी भरायला जागा वाढवणं, न्यायालयं आणि २०१२ मधली ८८ कोटी डॉलरची नवी योजना एवढं सगळं लागलं. त्या योजनेत बाहेर पडणाऱ्या पाण्याला प्रवाहानुसार काढलेल्या वार्षिक सरासरीत १३ मायक्रोग्रॅमची मर्यादा आली. पाच वर्षांत तीनपेक्षा जास्त वेळा ती ओलांडायची नाही, आणि कुठल्याही वर्षी १९ च्या वर जायचं नाही.

न बिघडलेल्या आतल्या भागांत आकडा बहुतांशी पाळला जातो. २ए च्या उत्तर टोकाला मात्र पाणी सुधारूनही पाणकणीस हटलेलं नाही. मातीतला साठा त्याला पोसतो, आणि त्याची मेलेली पानं तोच साठा पुन्हा वर आणतात. २००६ पासून तिथे तणनाशक आणि आग वापरून २५० बाय २५० मीटरचे तुकडे मोकळे केले गेले. मोकळ्या पाण्यात ऊन पोहोचल्यावर कारा परतली, ऑक्सिजन वाढला, पक्षी उतरू लागले. जुनी कॅल्शियमची साय मात्र भारलेल्या मातीवर परतली नाही, आणि तुकडा मोकळा राहावा म्हणून फवारणी पुन्हा करावीच लागते.

काय वेगळं करता आलं असतं

बांधीव पाणथळींचं क्षेत्र ५० वर ठरवताना कायद्यातच १० चा उल्लेख होता. जमीन तेव्हाच जास्त घेऊन ठेवली असती तर कप्पे नंतर वाढवता आले असते. जमीन नंतर महागली आणि वादही वाढले.

देखरेखीचा सगळा भर पाण्याच्या बाटलीवर राहिला. सायीतला फॉस्फरस आणि शेवाळांच्या जाती सुरुवातीपासून नियमित नोंदल्या असत्या तर फॉस्फरसची आघाडी कुठे सरकतेय हे पाणकणीस उगवण्याच्या कितीतरी आधी कळलं असतं. शिवाय वाद एकाग्रतेचा झाला, भाराचा मागे पडला. कमी एकाग्रतेचं पुष्कळ पाणी आणि जास्त एकाग्रतेचं थोडं पाणी मातीला सारखंच भारू शकतं.

हे महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाण्याच्या अ ते ई वापर-वर्गांच्या निकषांत पीएच आहे, ऑक्सिजन आहे, बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) आहे, फॉस्फरस नाही. त्यामुळे तळ्याच्या काठचं पाणकणीस आत सरकत असेल आणि अहवालात पाणी चांगल्या वर्गातलं असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अशा तळ्यात आधी आत येणाऱ्या ओढ्या-गटारांचा प्रवाह मोजावा, म्हणजे भार काढता येईल, आणि मग मातीचे गाभे, म्हणजे नळीनं काढलेले उभे नमुने, घ्यावेत: पाणकणसाच्या आत, कडेला आणि त्याच्यापलीकडे स्वच्छ भागात, प्रत्येकी निदान तीन. धारदार कडेची पातळ स्टीलची, १० सेंटीमीटर व्यासाची नळी सावकाश फिरवत दाबायची. मऊ गाळ दबतो, म्हणून नळीच्या आतून आणि बाहेरून खोली मोजून फरक लिहून ठेवायचा. वरचा सैल गाळ आधी वेगळ्या बाटलीत ओतून घ्यायचा, नाहीतर तो १० सेंटीमीटरच्या हिशेबात मिसळतो आणि स्वच्छ भागातली मातीही बाधित दिसू लागते.